सेबीची 'स्कोअर्स' आणि 'स्मार्ट ओडीआर' सेवा: नाशिककरांनी कशी वापरावी, कुठे अडते

शेअर, म्युच्युअल फंड किंवा डिमॅट खात्यात घोळ झाला की नाशिकमध्ये माणूस आधी ब्रोकरच्या फ्रँचायझीत जातो, मग ओळखीच्या सीएकडे आणि शेवटी पोलिसांकडे. शेअरबाजाराची नियामक संस्था सेबी, तिची 'स्कोअर्स' ही ऑनलाइन तक्रार सेवा यात बहुतेकदा शेवटी आठवते, तीही मुदत उलटून गेल्यावर. स्कोअर्स 2011 पासून चालू आहे आणि 1 एप्रिल 2024 पासून तिची दुसरी, बरीच सुधारलेली आवृत्ती वापरात आहे. वाद मिटवण्यासाठी 2023 मध्ये स्मार्ट ओडीआर हे पोर्टल जोडलं गेलं. दोन्ही घरबसल्या चालतात. सेबीचं मुख्यालय मुंबईला वांद्रे-कुर्ला संकुलात आहे, पण त्यासाठी कसारा घाट उतरायची गरज नाही.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. नोंदणीकृत ब्रोकर, डिपॉझिटरी पार्टिसिपंट (जिथे डिमॅट खातं असतं ती बँक किंवा ब्रोकर), म्युच्युअल फंड, सूचीबद्ध कंपनी किंवा तिचा रजिस्ट्रार (भागधारकांची नोंद ठेवणारी संस्था) यांच्याशी कागदावर सिद्ध करता येईल असा वाद असेल, तर ही सेवा चांगली आहे, आणि स्कोअर्सवर तक्रार करायला एक रुपयाही लागत नाही. तोंडी व्यवहार, रोख रक्कम, व्हॉट्सॲपवरच्या टिप्स आणि पतसंस्थेतल्या ठेवी यांसाठी मात्र तिचा उपयोग नाही. संसदेत सध्या रोखे बाजाराचे कायदे नव्याने मांडण्याचं काम चालू असल्यामुळे या सेवेच्या पाठीशी असलेला कायदा उद्या किती भक्कम राहील, हा प्रश्नही याच परीक्षणाचा भाग आहे.

तक्रार करण्याआधीचं पत्र

स्कोअर्सवर जाण्याआधी संबंधित कंपनीला किंवा ब्रोकरला लेखी तक्रार द्या. फ्रँचायझीतल्या माणसाला फोन करणं म्हणजे तक्रार नव्हे. प्रत्येक ब्रोकरच्या वेबसाइटवर आणि काँट्रॅक्ट नोटवर (ब्रोकर देतो ती व्यवहाराची पावती) तक्रार निवारणाचा ईमेल आणि अनुपालन अधिकाऱ्याचं नाव असतं, ईमेल तिथेच गेला पाहिजे. पत्रात चार गोष्टी हव्यात: क्लायंट कोड, वादातल्या व्यवहारांच्या तारखा, रक्कम आणि नेमकी मागणी. उदाहरणार्थ, "12 फेब्रुवारीला माझ्या खात्यावर निफ्टी ऑप्शनचे सात व्यवहार झाले. त्यांचा आदेश मी दिलेला नाही. आदेशाचा पुरावा द्यावा आणि 1,38,400 रुपये खात्यात परत जमा करावेत." इतकंच पुरतं. "माझी घोर फसवणूक झाली, आयुष्याची कमाई गेली" अशी दोन पानं लिहिली तर त्यातून मागणी शोधत बसावं लागतं, आणि समोरच्याला मोघम उत्तर देऊन सुटायला वाव मिळतो.

'आदेशाचा पुरावा द्यावा' हे वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. ग्राहकाने आदेश दिल्याचा पुरावा ब्रोकरकडे असलाच पाहिजे, असा सेबीचा नियम 2018 पासून लागू आहे. तो पुरावा सहीचा कागद, फोनचं रेकॉर्डिंग, ईमेल, एसएमएस किंवा इंटरनेट व्यवहाराची नोंद यापैकी काहीही असू शकतो. वाद झाला तर तो सिद्ध करण्याची जबाबदारी ब्रोकरवर असते. बहुतेक गुंतवणूकदारांना हे ठाऊकच नसतं, म्हणून ते 'मी व्यवहार केला नाही' हे स्वतःच सिद्ध करायला धडपडतात.

फॉर्म भरताना

नोंदणीला पॅन, जन्मतारीख, मोबाइल आणि ईमेल लागतो. केवायसीची माहिती पोर्टल स्वतःच ओढून घेतं. नाव किंवा जन्मतारीख जुळली नाही तर तिथेच अडतं. निवृत्त मंडळींच्या बाबतीत हे फार होतं, कारण पॅनवर नाव एक तऱ्हेचं, आधारवर दुसऱ्या तऱ्हेचं आणि जुन्या शेअर सर्टिफिकेटवर नुसती आद्याक्षरं असतात. आधी केवायसी दुरुस्त करा, मग तक्रार करा.

त्यापुढे प्रवर्ग निवडायचा असतो. शेअर डिमॅटमध्ये आले नाहीत तर तक्रार ब्रोकरविरुद्ध की डिपॉझिटरी पार्टिसिपंटविरुद्ध, हा गोंधळ इथे नेहमी होतो. खरेदीचे पैसे गेले आणि शेअर आले नाहीत, तर ब्रोकर. शेअर होते आणि सही किंवा ओटीपीशिवाय बाहेर गेले, तर डिपॉझिटरी पार्टिसिपंट. लाभांश आला नाही किंवा नाव बदलून मिळत नाही, तर कंपनी आणि तिचा रजिस्ट्रार. प्रवर्ग चुकला तर तक्रार भलत्याच टेबलावर जाते आणि दिवस वाया जातात. एका तक्रारीत दोन संस्था कोंबू नका.

घटना घडल्यापासून एका वर्षाच्या आत स्कोअर्सवर तक्रार झाली पाहिजे. ही मुदत कडक आहे. वर्ष उलटलं असेल तर स्मार्ट ओडीआरचा रस्ता उरतो, कारण तिथे मुदतीच्या कायद्याप्रमाणे साधारण तीन वर्षांपर्यंतचे वाद येतात.

जोडपत्रांत काँट्रॅक्ट नोट, लेजर, डिमॅटचं व्यवहार विवरण, बँक स्टेटमेंटचं संबंधित पान आणि आधी पाठवलेला ईमेल द्या. मोबाइलने काढलेले तिरके फोटो देऊ नका. काळी-पांढरी पीडीएफ करा, ती हलकीही होते आणि वाचताही येते. डिमॅटमधले शेअर सांभाळणाऱ्या एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिपॉझिटरींकडून येणारं एकत्रित खाते विवरण हा सर्वांत भरवशाचा कागद, कारण तो ब्रोकरच्या हातातून आलेला नसतो. ब्रोकरच्या फ्रँचायझीने एक्सेलमध्ये काढून दिलेलं 'होल्डिंग स्टेटमेंट' पुरावा म्हणून जवळपास शून्य किमतीचं आहे. 2019 मध्ये कार्वी प्रकरण उघडकीला आलं तेव्हा ग्राहकांचे शेअर ब्रोकरने स्वतःच्या कर्जासाठी तारण ठेवल्याचं समोर आलं. डिपॉझिटरीचं विवरण स्वतः तपासण्याचं महत्त्व तिथे दिसलं.

उत्तर आल्यावर बहुतेक तक्रारी मरतात

संस्थेने 21 दिवसांत कृती अहवाल द्यायचा असतो. नाही दिला तर तक्रार आपोआप वरच्या पायरीला जाते. ही नव्या आवृत्तीतली सर्वांत चांगली सुधारणा. खरी अडचण अहवाल वेळेत आला की सुरू होते. तो बहुधा ठरावीक साच्याचा असतो: काँट्रॅक्ट नोट नोंदणीकृत ईमेलवर पाठवली होती, एसएमएस गेले होते, ग्राहकाने तेव्हा हरकत घेतली नाही, सबब तक्रार निकाली काढावी. अशा उत्तरावर 15 दिवसांच्या आत पहिल्या टप्प्याचा फेरविचार मागावा लागतो. मागितला नाही तर तक्रार बंद होते. ईमेल स्पॅममध्ये पडला, मोबाइल मुलाच्या नावावर होता आणि मुलगा पुण्यात, अशा कारणांनी हे 15 दिवस निघून जातात. तक्रार केल्यावर दर आठवड्याला पोर्टलवर स्थिती पाहण्याची सवय ठेवा, ईमेलची वाट बघू नका.

फेरविचारात तेच रडगाणं पुन्हा लिहू नका. अहवालातल्या प्रत्येक मुद्द्याला उत्तर द्या: काँट्रॅक्ट नोट पाठवली हे मान्य, पण त्याने आदेशाचा पुरावा होत नाही, रेकॉर्डिंग मागितलं होतं, ते जोडलेलं नाही, केवायसीतला ईमेल माझा नाही, तो फ्रँचायझीचा आहे. हा शेवटचा मुद्दा फार प्रकरणांत खरा निघतो. खातं उघडताना 'तुम्हाला त्रास नको' म्हणून फ्रँचायझीवाला स्वतःचाच ईमेल आणि नंबर टाकतो, आणि पुढचे सगळे इशारे त्यालाच जातात.

पहिला फेरविचार एक्स्चेंज, डिपॉझिटरी किंवा म्युच्युअल फंडांची संघटना अशा नेमलेल्या संस्थेकडे होतो. समाधान झालं नाही तर पुन्हा 15 दिवसांत दुसरा फेरविचार, तो थेट सेबीकडे. सेबी न्यायालय नाही हे इथे ध्यानात ठेवावं. ती नियम पाळला की नाही ते पाहते. रकमेचा हिशेब करून 'इतके पैसे द्या' हा निवाडा हवा असेल तर स्मार्ट ओडीआरकडेच जावं लागतं.

तिथे आधी सामोपचाराची बैठक होते, ऑनलाइन, साधारण 21 दिवसांत, आणि गुंतवणूकदाराला तिचं शुल्क नाही. ती फसली तर लवाद. लवादाला रकमेनुसार शुल्क आहे. एक लाखापर्यंतचे दावे फक्त कागदपत्रांवरच निकाली निघतात, म्हणून जोडपत्रं नीट असणं तिथे अधिकच मोलाचं. ओडीआर सुरू केलं की त्याच विषयावरची स्कोअर्सची तक्रार निकाली धरली जाते. म्हणून स्कोअर्सवर रेकॉर्डिंग आणि लेजर आधी बाहेर काढून घ्या, मग ओडीआरकडे वळा. हा क्रम उलटा केला तर हातात कागद न येताच सामोपचाराच्या बैठकीला बसावं लागतं.

भाषेच्या बाबतीत सेवा कमी पडते. सेबीच्या 1800 266 7575 या निःशुल्क क्रमांकावर मराठीत बोलता येतं, पण पोर्टलवरचा सगळा कारभार मुख्यतः इंग्रजीत चालतो. महाराष्ट्रातल्या गुंतवणूकदारांची संख्या पाहता ही उणीव अक्षम्य आहे. पिंपळगाव बसवंतच्या द्राक्ष बागायतदाराला हंगामाचे पैसे म्युच्युअल फंडात घालायला मराठी जाहिरात चालते, मग तक्रार करायला मराठी का नसावी?

जुने शेअर: इथे सेवा सर्वांत चांगली

ओझरच्या एचएएलमधून, नाशिकरोडच्या नोट प्रेस आणि सिक्युरिटी प्रेसमधून निवृत्त झालेल्या अनेक घरांत कागदी शेअर सर्टिफिकेटं आहेत. वडील गेले, शेअर त्यांच्या नावावर आणि रजिस्ट्रार दर वेळी नवीन कागद मागतो, ही अगदी नेहमीची तक्रार. यात स्कोअर्स उत्तम चालतं, कारण नियम लेखी आहेत आणि सूचीबद्ध कंपनीला सेबीकडे आपली पाटी कोरी ठेवायची असते.

आधी आयएसआर-1 फॉर्मने केवायसी, आयएसआर-2 वर बँकेकडून सहीची खातरजमा आणि एसएच-13 ने नामनिर्देशन, हे पुरं करा. वारसाच्या नावावर करायचं तर आयएसआर-5. नामनिर्देशन नसेल तरी कागदी शेअरसाठी प्रत्येक कंपनीमागे पाच लाख आणि डिमॅटसाठी प्रत्येक खातेदारामागे पंधरा लाख रुपयांपर्यंत सोप्या कागदपत्रांवर काम होतं, वारसा प्रमाणपत्रासाठी कोर्टात जावं लागत नाही. रजिस्ट्रारने तरीही ते मागितलं तर त्याच मुद्द्यावर स्कोअर्स करा. बँकेत आयएसआर-2 वर सही-शिक्का घेताना अधिकाऱ्याचं नाव, पद आणि कर्मचारी क्रमांक राहून जातो आणि तेवढ्यावरून अर्ज परत येतो, म्हणून काउंटर सोडण्याआधी तो रकाना पाहा.

सलग सात वर्षं लाभांश घेतला नसेल तर शेअर आयईपीएफकडे, म्हणजे सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीकडे गेलेले असतात. तो विभाग कंपनी व्यवहार मंत्रालयाचा, सेबीचा नाही. कंपनी हक्काचं पत्र देत नसेल तर स्कोअर्स चालतं, आयईपीएफ-5 अर्जाला मंत्रालयाकडून उशीर होत असेल तर चालत नाही.

जिथे ही सेवा काहीच करू शकत नाही

फ्रँचायझीवाल्याच्या वैयक्तिक खात्यावर 'महिना दोन टक्के' म्हणून पैसे दिले असतील, तर एक्स्चेंज ते शेअरबाजाराबाहेरचं देणंघेणं मानतं. हमी परतावा द्यायला आणि रोख घ्यायला ब्रोकरला मनाई आहेच, पण पैसे ब्रोकरच्या ग्राहक खात्यावर गेलेच नाहीत म्हटल्यावर एक्स्चेंजच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीचा दरवाजाही बंद होतो. डब्बा ट्रेडिंगचं, म्हणजे एक्स्चेंजवर न नोंदवता परस्पर होणाऱ्या सौद्यांचंही तेच, तो मुळातच गुन्हा आहे. पैसे पाठवण्याआधी 'सेबी चेक' या सुविधेवर खातं किंवा यूपीआय आयडी तपासा. नोंदणीकृत मध्यस्थांच्या यूपीआय आयडीत 'व्हॅलिड' हा शब्द आणि बँकेचं नाव येतं.

व्हॉट्सॲप ग्रुपवरून आलेल्या बनावट ट्रेडिंग ॲपवर पैसे गेले तर स्कोअर्सचा फॉर्म भरत बसू नका. लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवता आले तरच काही हाती लागतं.

ठेवींची गोष्ट वेगळी, आणि नाशिकला ती जास्त जिव्हाळ्याची. केबीसी आणि मैत्रेय या लोकांचे पैसे बुडवलेल्या योजनांची नावं इथे अजून लोकांच्या तोंडी आहेत. बँकेतल्या ठेवीला 4 फेब्रुवारी 2020 पासून पाच लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. 'नावात अर्बन आहे म्हणजे बँकच असेल' हा समज इथे सर्रास दिसतो. रिझर्व्ह बँकेचा परवाना आणि ठेव विम्याचा उल्लेख शाखेत लावलेला आहे का ते बघा. पतसंस्थेविरुद्ध तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे, बहुराज्य संस्था असेल तर दिल्लीच्या केंद्रीय निबंधकाकडे. परतावा थकला तर पोलिसांची आर्थिक गुन्हे शाखा आणि 1999 चा महाराष्ट्राचा ठेवीदार संरक्षण कायदा, म्हणजे एमपीआयडी. त्याखाली मालमत्ता जप्त होते, पण तिचा लिलाव होऊन पैसे हाती यायला वर्षं जातात. मूळ पावत्या पोलिसांना देताना साक्षांकित प्रती आणि पंचनाम्याची प्रत स्वतःकडे ठेवा.

नवा कायदा आला तर

18 डिसेंबर 2025 ला लोकसभेत रोखे बाजार संहितेचं विधेयक मांडलं गेलं आणि ते अर्थविषयक स्थायी समितीकडे पाठवण्यात आलं. 1956 चा रोखे करार कायदा, 1992 चा सेबी कायदा आणि 1996 चा डिपॉझिटरी कायदा हे तिन्ही रद्द करून एकच संहिता आणायची, असा हेतू. त्यात गुंतवणूकदारांसाठी लोकपाल नेमण्याची तरतूद आहे, तिचं स्वागत. तांत्रिक चुकांना फौजदारी गुन्ह्यातून वगळणंही समजण्यासारखं आहे.

खटकते ती मुदत. कसूर घडल्यापासून आठ वर्षं उलटली की सेबीला तपासाचा आदेश देता येणार नाही, असं मसुद्यात आहे. संपूर्ण बाजारावर परिणाम करणारी प्रकरणं आणि तपास यंत्रणांकडून आलेली प्रकरणं यांना त्यातून सूट आहे. पण छोट्या गुंतवणूकदाराचं प्रकरण 'संपूर्ण बाजारावर परिणाम करणारं' कधीच नसतं. वडिलांच्या कपाटातलं सर्टिफिकेट मुलाला बारा वर्षांनी सापडतं, आणि खोट्या सहीने शेअर कधीच दुसऱ्याच्या नावावर गेल्याचं तेव्हा कळतं. मुदत कसूर घडल्या दिवसापासून न मोजता ती कळल्या दिवसापासून मोजली पाहिजे. समितीने एवढा एक बदल केला तरी बरंच काही वाचेल.

कायदे सैल होतात ते असेच, आकड्यांतून आणि मुदतीतून. बुडत्या बँकांचं काय करायचं ते ठरवणाऱ्या 2017 च्या एफआरडीआय विधेयकातही ठेवीदारांचं संरक्षण काढतो असं कुठे लिहिलेलं नव्हतं. बेल-इनचं, म्हणजे बुडत्या बँकेला सावरायला तिच्याच देणेकऱ्यांचे आणि ठेवीदारांचे पैसे वापरण्याचं एक कलम होतं, आणि विम्याची मर्यादा किती ते नव्या महामंडळाने ठरवायचं होतं. लोकांनी ते वाचलं, बँकांच्या काउंटरवर प्रश्न विचारले, आणि ऑगस्ट 2018 मध्ये विधेयक मागे घेतलं गेलं. अमेरिकेत त्याच 2018 मध्ये कडक देखरेखीची मर्यादा 50 अब्ज डॉलरच्या बँकांवरून 250 अब्जांवर नेली. मार्च 2023 मध्ये बुडालेली सिलिकॉन व्हॅली बँक त्या दोन आकड्यांच्या मधली होती.

आपल्याकडचा आणखी एक बारकावा. स्कोअर्सची एक वर्षाची मुदत, 21 दिवस, फेरविचाराचे 15 दिवस यातलं काहीही संसदेच्या कायद्यात नाही. ते सेबीच्या परिपत्रकांत आहे आणि परिपत्रकानेच बदलू शकतं. मोठ्या बदलांआधी सेबी आपल्या वेबसाइटवर सल्लापत्र टाकते आणि बहुधा 21 दिवस सूचना मागवते. तिथल्या फॉर्ममध्ये प्रत्येक प्रस्तावापुढे सहमत की असहमत, सुचवलेला बदल आणि त्याचं कारण असे रकाने असतात. ब्रोकरांच्या संघटना ते न चुकता भरतात. नाशिकच्या ग्राहक पंचायतींनी, सीए मंडळींनी आणि निवृत्त कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी स्कोअर्सची मुदत एकवरून तीन वर्षं करा आणि पोर्टल मराठीत आणा, या दोन सूचना कारणांसह तिथे नोंदवाव्यात.